कुंपणावरचं अंजीर

कोझिमो तालारिकोनं दोरीचा फास फांद्यांच्या मधोमध आवळला, गुडघा खोडाला टेकवला आणि सगळं अंग मागे टाकलं. अंजिराच्या फांद्या छत्री मिटावी तशा एकमेकींना चिकटल्या. त्यानं दुसरा वेढा दिला, गाठ मारली. कुंपणापलीकडे मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेल्या बाईकडे मात्र त्यानं एकदाही मान वळवली नाही.

“वरती अजून एक वेढा लागेल,” दिओलिंदा म्हणाली.

कोझिमोनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वेढा मात्र दिला.

दोघांत अबोला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. दिओलिंदा फुर्तादोच्या घरासमोर महापालिकेची पाटी लागली होती. हे घर पाडून इथे सहा फ्लॅटची तीन मजली इमारत बांधायची परवानगी मागितली आहे, ज्यांची हरकत असेल त्यांनी सुनावणीत सांगावं, असा मजकूर होता. शेजारीण घर विकतेय हे कोझिमोला त्या पाटीवरून कळलं. चाळीस वर्षांहून जास्त शेजार. तिचा नवरा आर्मिंदो गेला तेव्हा शवपेटीला खांदा ह्यानं दिला, ह्याची बायको इम्माकोलाता गेली तेव्हा महिनाभर जेवण तिनं पाठवलं. आणि एवढी मोठी बातमी कळावी ती रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर, पाटीवर वाचून!

पण अबोला कितीही पक्का असला तरी नोव्हेंबर कुणासाठी थांबत नाही. टोरंटोच्या थंडीत अंजीर उघड्यावर जगत नाही. म्हणून आमच्या रस्त्यावरचे इटलीतल्या कॅलाब्रियाचे लोक थंडीच्या तोंडावर ते जमिनीत निजवतात. एका बाजूची मुळं फावड्यानं तोडायची, झाड हळूहळू वाकवून खड्ड्यात आडवं करायचं, वर जुने गालिचे, फळ्या, पालापाचोळा आणि माती. एप्रिल सरता सरता पुन्हा उभं करायचं. आता कोझिमोच्या परसात आडव्या झाडापुरती जागा नव्हती, कारण तिथे त्यानं स्वतःच्या हातानं गॅरेजचं काँक्रीट ओतलं होतं. शहरातल्या निम्म्या इमारतींचं काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला स्वतःच्या झाडाचा विसर पडला होता. तेव्हापासून झाड उन्हाळाभर कोझिमोकडे उभं राहायचं आणि हिवाळाभर दिओलिंदाकडे झोपायचं. त्यासाठी आर्मिंदोनं कुंपणाच्या चार फळ्या काढता येतील अशा बसवल्या होत्या.

कोझिमोनं त्या फळ्या काढल्या आणि फावडं मातीत घातलं.

“डाव्या बाजूनं तोड. आर्मिंदो डाव्या बाजूनंच तोडायचा.”

“आर्मिंदोला झाड कुणी शिकवलं?”

“बोललास बाबा! मला वाटलं, आता वर गेल्यावरच बोलशील.”

“तुझ्याशी नाही बोललो. आर्मिंदोशी बोललो.”

दिओलिंदा हसली. ती पोर्तुगालच्या अझोर बेटांवरची, तो कॅलाब्रियाच्या डोंगरातला, आणि दोघांचं इंग्रजी आपापल्या घरी शिवलेलं. पण एकमेकांचं त्यांना कधी अडलं नाही. झाड कुरकुरत खाली आलं, खड्ड्यात पडलं. कोझिमो त्याच्यावर गालिचा पसरताना वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“इमारत झाल्यावर हा खड्डा कुठे खणायचा, ते विचार तुझ्या बिल्डरला,” तो मातीकडे बघत म्हणाला.

दिओलिंदानं वॉकरची मूठ उगाच पुसली. मागच्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली होती, खुब्याचा सांधा बदलावा लागला होता.

“विचारीन,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात रोझलिंड हॅल्डेन कोझिमोच्या घरी आल्या. निवृत्त वकील, रस्त्याच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या. इमारतीच्या विरोधात सगळ्यांना एकत्र आणण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि त्यांच्या हिरवळीवर ‘आमचा रस्ता वाचवा’ अशा पाट्यांचं पीक आलं होतं. रस्ता वाचवायला निघालेल्यांपैकी बहुतेकांना इथे येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांनी घरं घेतली तेव्हा जुनी घरं पाडूनच नवी बांधली होती. पण ते सोडा. बाई कामाच्या पक्क्या होत्या.

कोझिमोनं त्यांना तळघरातल्या स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर वाळवलेल्या सॉसेजचे काप होते, त्यातला एक त्यांनी सभ्यपणे उचलला.

“मिस्टर तालारिको, तुमच्या अंजिराचं खोड नेमकं कुणाच्या हद्दीत येतं?”

“अर्धं माझ्या, अर्धं तिच्या. आधी माझ्याकडेच होतं. दरवर्षी त्याच अंगावर निजवून निजवून सरकलं.”

रोझलिंडबाईंचा चेहरा उजळला. “हद्दीवरचं झाड दोघांच्या मालकीचं. तुमच्या संमतीशिवाय त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि बिल्डरनं पाठवलेल्या माणसानं सांगितलंय की हद्दीवर झाडच नाही!”

“तो आला होता कधी?”

“फेब्रुवारीत.”

कोझिमोला हसू आवरेना. “फेब्रुवारीत कुठून दिसणार? तेव्हा ते खाली घोरत होतं. हा पठ्ठ्या बहुतेक त्याच्या डोक्यावर उभा राहून झाड शोधत असेल.”

“तुम्ही सुनावणीत एवढंच सांगा, की झाड आहे. त्यांना सगळा आराखडा बदलावा लागेल. वर्ष जाईल, दोन वर्षं जातील, बिल्डर कंटाळून पळेल.”

“मग दिओलिंदा कुठे जाणार नाही?”

“घर विकलंच गेलं नाही, तर जाईल कशी?”

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात, तसं कोझिमोचं झालं. त्यानं घरची वाइन काढली, बाईंचा ग्लास काठोकाठ भरला. त्या गेल्यावरही तो एकटाच गुणगुणत भांडी घासत होता. इतके दिवस त्याला दिओलिंदाचा राग आला होता असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे तो घाबरला होता. संध्याकाळी पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही, तर आपण करायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं. आता ते सुचायची गरज उरली नव्हती.

डिसेंबरमध्ये, पहिला जाड बर्फ पडल्यावर, तो घेवड्याच्या सूपचं पातेलं घेऊन मागच्या दारानं तिच्याकडे गेला. घराची अवस्था तो रोज बाहेरून बघत होता, पण आत जाऊन त्याला बरेच दिवस झाले होते. तळघरात पाणी होतं, छतातून पाणी होतं, आणि मधे दिओलिंदा होती. तिची खाट स्वयंपाकघरात आली होती. बाथरूम वरच्या मजल्यावर. दिवसातून एक-दोनदा ती जिन्यावर बसून, एकेक पायरी मागे सरकत वर जायची आणि तशीच खाली यायची.

त्यानं सूप वाढलं आणि झाडाची, रोझलिंडबाईंची, फेब्रुवारीतल्या माणसाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. तिनं चमचा खाली ठेवला.

“कोझिमो, ही इमारत झाली नाही तर मी मार्चमध्ये एडमंटनला मुलाकडे जाणार, कायमची.”

“काय?”

“नेल्सन येऊन नेणार आहे. मागच्या वर्षी पडले तेव्हाच नेत होता. त्यानं खोली तयार ठेवलीय. सून चांगली आहे, पण मी मासे तळायला घेतले की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडते. उणे तीसमध्ये.”

“आणि इमारत झाली तर?”

“तर तळमजल्यावरचा एक फ्लॅट माझा. जिवंत असेपर्यंत. त्याच अटीवर घर देतेय. बांधून होईस्तोवर मैत्रिणीकडे, लुर्देसकडे राहीन. जिना नाही, बाथरूम आतच.” तिनं चमचा पुन्हा उचलला. “स्वयंपाकघराचं दार तुझ्या कुंपणाकडे मागून घेतलंय.”

“हे मला आधी का नाही सांगितलंस? मी तोंड फुगवून बसलो, तेव्हा तरी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी करवत घेऊन झाड आडवं केलं असतंस. पाया नेमका तिथूनच जातो. इम्माकोलातानं ते काडीएवढं असताना ओल्या मोज्यात गुंडाळून समुद्रापलीकडून आणलं. ते पाप माझ्या डोक्यावर नको होतं मला. म्हटलं, वसंतात बिल्डरशी बोलून काही निघतं का बघू.”

“आणि नाही निघालं तर?”

“सूप खा. गार होतंय.”

त्याला लाज वाटली. पण तिनं दार आपल्या बाजूला मागून घेतलं, ह्याचा आनंदही झाला. ह्या वयात दोन्ही एकदम झाल्यामुळे निघताना तो पातेलं तिथेच विसरला.

सुनावणी जानेवारीत होती. हल्ली महापालिकेच्या सुनावण्या कॉम्प्युटरवरच होतात. कोझिमोची मुलगी लोरेदाना वुडब्रिजहून आपला लॅपटॉप घेऊन आली आणि तळघरातल्या टेबलावर तो मांडून बसली. पडद्यावर एकेका चौकोनात एकेक जण दिसत होता. समितीचे अध्यक्ष, बिल्डरची आर्किटेक्ट, रोझलिंडबाई. खालच्या ओळीत दिओलिंदाच्या चौकोनात नुसतं कपाळ आणि भिंतीवरचा मेरीमातेचा फोटो दिसत होता. दोन घरांमधल्या गल्लीतून माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो, एवढंच काय ते दोघांत अंतर, पण भेट अशी चौकोनांतून चालली होती.

आर्किटेक्टनं चित्रं दाखवली. रोझलिंडबाई सावल्यांवर बोलल्या, गाड्या लावायच्या जागेवर बोलल्या, आणि शेवटी खास आवाजात म्हणाल्या, “हद्दीवरच्या एका झाडाबद्दल श्रीयुत तालारिको स्वतःच सांगतील.”

लोरेदानानं बटण दाबलं आणि वडिलांना खूण केली.

“झाड नाही,” कोझिमो म्हणाला.

रोझलिंडबाईंचं तोंड उघडलं. त्यांचा आवाज बंद केलेला होता, म्हणून त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही.

“म्हणजे, पूर्वी होतं,” कोझिमो पुढे म्हणाला. “म्हातारं झालं होतं. मी तोडलं.”

“पपा?” लोरेदाना कुजबुजली. “मम्मीचं झाड?”

“तर मग इमारतीला आपली हरकत नाही, असं समजायचं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझी कसली हरकत, साहेब? माणसांना राहायला जागा लागते. जन्मभर मी तेच बांधत आलो. माझ्याच दाराशी बांधायला घेतलं म्हणून आता रडू?”

अध्यक्ष मान डोलावून पुढच्या नावाकडे वळणार, तोच खालच्या ओळीतलं कपाळ पुढे सरकलं.

“खोटं बोलतोय तो.”

“मिसेस फुर्तादो, आपली बोलायची पाळी—”

“पाळी गेली चुलीत! झाड आहे. माझ्या परसात पुरलंय. मी पायरीवर बसून पुरून घेतलंय.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “पुरलंय म्हणजे... ते मेलंय का?”

“मेलंय कशाला? झोपलंय. मे महिन्यात या, फळंही खायला घालीन. नाही, फळं ऑगस्टात.”

“दिओलिंदा, गप्प बस!” कोझिमो ओरडला, पण तो कॉम्प्युटरकडे न ओरडता भिंतीकडे ओरडला. त्याचा आवाज तिला तारेतून ऐकू येण्याआधी बहुधा गल्लीतूनच ऐकू गेला असावा.

“तू गप्प बस! सरकारसमोर खोटं बोलतोस? आयुष्यात कुणाच्या भिंतीत एक वीट कमी घातली नाहीस, आणि आज बायकोचं झाड तोडलं म्हणून सांगतोस?”

“माझं झाड, मी काहीही सांगीन!”

“अर्धं माझंय!”

इतक्या वर्षांत समितीनं बरंच काही पाहिलं असेल. पण ज्यानं झाड आहे म्हणायचं तो नाही म्हणतोय, आणि झाड नसण्यावर जिचं घर विकलं जायचं ती आहे म्हणून भांडतेय, असं बहुधा पाहिलं नसावं. अध्यक्षांनी सगळ्यांचे आवाज बंद केले, सदस्यांशी थोडं बोलले आणि निर्णय दिला. बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहील. तोवर प्रकरण पुढे ढकललं आहे, मे महिन्यापर्यंत.

कोझिमो कोटही न घालता परसात गेला. फळ्या काढलेल्या जागी उभा राहिला. दिओलिंदा तिच्या मागच्या दारात आलेलीच होती.

“तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?”

“तुला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?”

“मे महिना म्हणाला तो! नेल्सन मार्चमध्ये येणार!”

“येऊ दे.”

“गेला तुझा फ्लॅट.”

“गेला.” तिनं शाल ओढून घेतली. “झाड तरी राहिलं तुझं.”

“झाड काय करू मी ठेवून? झाडाशी गप्पा मारू?”

शब्द तोंडातून गेले, आणि आता ते परत घेता येणार नव्हते. दोघंही मधल्या बर्फाच्या उंचवट्याकडे बघत राहिली. त्याखाली, गालिच्याखाली, झाड होतं.

“आत जा,” ती शेवटी म्हणाली. “कोट नाही अंगावर. मरशील, म्हाताऱ्या.” आणि तिनं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून रोझलिंडबाईंनी कोझिमोकडे बघायचं सोडलं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मुलीचे फोन मात्र तो उचलेना, उचलला तर ‘कामात आहे’ म्हणून ठेवून देई. ऐंशी पार केलेल्या माणसाला जानेवारीत कसलं काम, म्हणून पुढच्या शनिवारी लोरेदाना न सांगताच आली.

रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, बर्फात त्यांचा सोफा पडला होता. सोनेरी फुलांचा, पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर अजून तसंच घट्ट. लहानपणी एकदा ती त्यावर बसली होती, तेव्हा आईनं कान धरून उठवलं होतं. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या त्या सोफ्यावर बसण्याइतका मोठा पाहुणा त्या घरात कधी आलाच नाही. लोरेदाना पळतच आत गेली.

पुढची खोली रिकामी झाली होती. गालिचा गुंडाळून ठेवलेला. जिन्याखालच्या कपाटाची भिंत अर्धी फोडलेली, आणि त्या भिंतीसमोर तिचा बाप गुडघ्यांवर बसून छिन्नीवर हातोडा मारत होता. भुवया पांढऱ्याच होत्या, आता धुळीनं केसही तसेच पांढरे झाले होते.

“पपा! मम्मीचा सोफा बाहेर का टाकलास?”

“कोण बसलं त्याच्यावर? तू सांग एक नाव.”

“आणि हे काय चाललंय?”

“बाथरूम.”

“वर आहे की. तुला जिना चढायला काही होत नाही.”

“नाही होत,” कोझिमो म्हणाला आणि हातोडा मारला.

लोरेदानानं भिंतीकडे पाहिलं. हात धरायच्या दांड्यासाठी खडूनं रेघ मारली होती. तिच्या वडिलांसाठी ती फारच खाली होती. खिडकीखाली खाटेच्या मापाचा चौकोन आखलेला. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर, हाताच्या अंतरावर, दिओलिंदाच्या स्वयंपाकघराचा पडदा होता. लोरेदानाच्या मनात आईचा विचार आला, वुडब्रिजच्या मावश्यांचा आला, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर काय काय बोललं जाईल त्याचाही आला.

“नळ, गटार, सगळ्याला परवानगी लागते, पपा.”

“कुणाची? शेजाऱ्यांची?”

“घराच्या आतल्याला शेजाऱ्यांची नाही लागत.”

“मग झालं.”

“तिला विचारलंयस?”

हातोडा थांबला. कोझिमोनं छिन्नी बाजूला ठेवली, बोटांवरची धूळ शर्टाला पुसली, पुन्हा छिन्नी उचलली.

“अजून नाही,” तो म्हणाला. “आधी दाखवायला काहीतरी हवं ना. नुसतं विचारलं तर म्हणेल, बाथरूम कुठाय.”

लोरेदानानं कोट काढून दाराच्या मुठीला अडकवला, भिंतीचा ढासळलेला ढिगारा पायानं बाजूला सारला आणि आतल्या जमिनीकडे वाकून बघितलं.

“फरशी कुठली घालणार आहेस?”

“तळघरात पांढरी उरलीय. ती.”

“पांढरी नको,” ती म्हणाली. “तिच्यावर पाणी सांडलेलं दिसत नाही. घसरेल ती.”